पलटणीचा चाकू

खुटबावात गुऱ्हाळ आधी नाकाला कळतं. पुण्याहून निघालेली दौंडची गाडी यवत मागं टाकते, खिडकीबाहेर उसाचे फड पळू लागतात आणि स्टेशन यायच्या आत उकळत्या रसाचा वास डब्यात शिरतो. अशाच एका हिवाळ्यात तिथल्या एका गुऱ्हाळावर बसलो होतो. गुळव्या काहिलीवर वाकला होता, चुलाणात चिपाडं पडत होती. बाजूला ऐंशीच्या घरातले एक काका गोणपाटाची सुतळी सोडवत बसले होते. गाठ बोटांना दाद देईना, तेव्हा त्यांनी कोपरीच्या खिशातून एक काळा, जाडजूड, घडीचा चाकू काढला. पातं उघडलंच नाही. पाठीकडचा बोटभर लांब लोखंडी टोच्या उघडला, गाठीत खुपसला, एक हिसडा दिला. गाठ सुटली.

"बघू का काका?"

"बघा की. वडलांचा आहे, पलटणीतला. पातं जपून, बोटावर मिटतं."

"आणि हा टोच्या कशाला?"

"घोड्याच्या खुरात खडा अडकला तर काढायला. वडील सांगायचे."

वडील कोणत्या पलटणीत होते, ते काकांना सांगता आलं नाही. लढाईत ब्रह्मदेशाला गेले होते आणि लढाई संपल्यावर परत आले, एवढंच त्यांना ठाऊक. चाकू मात्र बोलका होता. मुठीवर चौकड्या पाडलेली काळी आवरणं, एका टोकाला दोरी ओवायची कडी. पात्याच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण, तिच्याजवळ इंग्रजी 'आय' आणि खाली साल १९४३. बाणाची खूण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची जुनी निशाणी. सोबतचा 'आय' म्हणजे इंडिया.

चाकूत उघडायच्या वस्तू तीनच होत्या: पातं, डबा उघडायची आकडी आणि टोच्या. तिघांची झीज तीन तऱ्हांची. पातं दगडावर घासून घासून निम्म्यानं अरुंद झालेलं. टोच्या इतका वापरलेला की जुन्या तोड्यासारखा गुळगुळीत. आकडी मात्र काळपट, कोरी, कारखान्यातून निघाली तशी.

ही झीज डोक्यात घेऊनच मी परतीची गाडी पकडली. तलवारी, बंदुका, तोफा यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. त्या लढाईचे दिवस सांगतात. पण शिपायाच्या नोकरीत लढाईचे दिवस थोडे आणि बाकीचे फार. त्या बाकीच्या दिवसांत शिपाई काय खातो, काय बांधतो, काय सोडतो, काय दुरुस्त करतो याचा हिशेब प्रत्येक लष्करानं कधी ना कधी मांडला आणि तो मूठभर लोखंडात घडी करून शिपायाच्या हातात दिला. म्हणून दोन देशांचे लष्करी चाकू शेजारी ठेवले की त्यांच्या फौजांचा रोजचा दिवसच शेजारी ठेवल्यासारखा होतो.

आधी डबा, मग किल्ली

आकडीपासून सुरुवात करू, कारण लष्करी चाकूला आजचं रूप डब्यानं दिलं.

अन्न हवाबंद करून टिकवण्याची युक्ती नेपोलियनच्या काळातली. निकोला आपेर या फ्रेंच माणसानं काचेच्या बाटल्यांत अन्न टिकवून दाखवलं आणि १८१० मध्ये त्याला सरकारी बक्षीस मिळालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडनं कल्हईच्या पत्र्याच्या डब्यासाठी पेटंट घेतलं. १८१३ पर्यंत लंडनमधल्या डाँकिनच्या कारखान्यातले डबे ब्रिटिश आरमाराकडे आणि लष्कराकडे जाऊ लागले होते. गंमत अशी की, डबा उघडायचं साधन मात्र कोणी केलं नव्हतं. छिन्नी आणि हातोडा घेऊन वरचा पत्रा कापा, अशी सूचना डब्याबरोबर यायची. शिपाई संगीन वापरायचे, नाहीतर दगड. डबा उघडायची खास अवजारं १८५० नंतर दिसू लागली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट येट्सचं १८५५ मध्ये, अमेरिकेत एझ्रा वॉर्नरचं १८५८ मध्ये. म्हणजे कुलूप झाल्यावर जवळपास अर्ध्या शतकानं किल्ली.

पुढं डबाबंद जेवण मोहिमेवरच्या युरोपीय फौजेचं रोजचं अन्न झालं, आणि ते उघडायचं अवजार शिपायाच्या अंगावरच असायला हवं हे सरकारांच्या लक्षात आलं. साध्या घडीच्या चाकूच्या पोटात आकडी शिरली ती इथं.

पेचकसासाठी चाकू

स्वित्झर्लंडमध्ये तिच्या जोडीला आणखी एक निमित्त आलं, बंदुकीचं. १८८९ मध्ये स्विस फौजेनं श्मिट-रुबिन ही नवी रायफल घेतली. ती खोलून साफ करायला पेचकस लागायचा. डब्यासाठी एक अवजार, बंदुकीसाठी दुसरं आणि भाकरीसाठी तिसरं देण्यापेक्षा सगळं एकाच मुठीत का नको, असा विचार झाला. १८९० सालचा नमुना ठरला आणि १८९१ च्या जानेवारीत स्वीकारला गेला: काळसर ओकच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक भोक पाडायची आरी, डब्याची आकडी आणि पेचकस.

इतके चाकू पटकन करून देईल असा कारखाना मात्र स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. पहिले १५,००० चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनच्या वेस्टर कंपनीकडून आले. श्वीझ परगण्यातल्या ईबाख गावचा कार्ल एल्झेनर हा चाकूवाला यानं अस्वस्थ झाला. आपल्या फौजेचा चाकू आपल्याकडेच व्हावा म्हणून त्यानं इतर कारागीर जमवले आणि १८९१ मध्येच काम अंगावर घेतलं. झोलिंगेनचा माल स्वस्त पडायचा, त्यामुळे हा व्यवहार त्याला दिवाळ्याच्या काठावर घेऊन गेला. त्याला तारलं ते त्याच्या दुसऱ्या कल्पनेनं. मुठीत एकाच बाजूनं अवजारं भरण्याऐवजी त्यानं पाठीच्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंना राबवल्या. तेवढ्याच स्प्रिंगांवर जास्त पाती बसू लागली आणि चाकू हलका झाला. दुसरं छोटं पातं आणि बुचाचा स्क्रू असलेला हा 'अधिकाऱ्यांचा चाकू' त्यानं १२ जून १८९७ रोजी नोंदवला.

इथं एक भेद ध्यानात घ्यायचा. शिपायाच्या चाकूत बुचाचा स्क्रू नव्हता, अधिकाऱ्यांच्या होता. दारूची बाटली कोणी उघडायची, हेही चाकूनं ठरवून टाकलं होतं. हा अधिकारी-चाकू लष्करानं सरकारी पुरवठ्यात घेतला नाही, अधिकारी तो पदरमोड करून विकत घ्यायचे. तरी जगभर 'स्विस आर्मी नाइफ' म्हणून गाजला तो हाच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांना त्याचं जर्मन नाव उच्चारता येईना, त्यातून हे इंग्रजी नाव रुळलं. एल्झेनरनं कंपनीला आईचं, व्हिक्टोरियाचं नाव दिलं आणि १९२१ मध्ये त्याला न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' जोडलं गेलं. व्हिक्टोरिनॉक्स ते हेच.

आरमारातून आलेला टोच्या

काकांचा चाकू या घराण्यातला नव्हे. त्याचं कुळ इंग्लंडच्या शेफील्डचं, आणि शेफील्डच्या चाकूचं मूळ जहाजावर.

शिडाच्या जहाजावर सगळा कारभार दोरांचा. दोराचे पेड उकलायचे, एकाची टोकं दुसऱ्यात गुंफून सांधा करायचा, भिजून आवळलेली गाठ मोकळी करायची, यासाठी खलाशी लोखंडी टोच्या बाळगत. इंग्रजीत त्याला मार्लिन स्पाइक म्हणतात. खलाशाच्या चाकूचं पातंही वेगळं असे. टोक अणकुचीदार नाही, पाठ वळून धारेला मिळालेली, मेंढीच्या खुरासारखी. अशा पात्यानं दोर फळीवर दाबून सरळ कापता येतो, आणि डोलकाठीवरून चाकू निसटलाच तर खाली उभ्या माणसाला भोसकत नाही. चाकू निसटू नये म्हणून त्याला कडी, कडीत दोरी आणि दोरी कमरेला.

ही तिन्ही लक्षणं जमिनीवरच्या फौजेनं उचलली. ब्रिटिश सरकारच्या नमुन्यांच्या यादीत ६३५३/१९०५ या क्रमांकानं नोंदलेल्या चाकूत पातं, डब्याची आकडी, टोच्या आणि कडी असा संच आहे. थोड्याफार फरकानं हाच चाकू दोन्ही महायुद्धांत चालला. दुसऱ्या महायुद्धात तो आखूड झाला, शिंगासारख्या जुन्या आवरणांच्या जागी काळं प्लास्टिक आलं, काहींच्या टोकाला चपटा पेचकस आला. टोच्या असलेला आणि नसलेला असे दोन प्रकारही निघाले. बांधणीचं गणित मात्र बदललं नाही.

तेव्हा घोड्याच्या खुरातल्या खड्याचं काय? ही गोष्ट काकांच्या वडलांनी रचलेली नाही. इंग्लंडातल्या शिपायांच्या पोरांनाही बापांनी हेच सांगितलं आहे. घोडदळात किंवा तोफखान्यात कोणी त्या टोच्यानं खडा काढलाही असेल, हाताशी अवजार असलं की माणूस ते वापरतोच. पण तो घडवला गेला दोरासाठी. लष्करातही दोर कमी नव्हता. तंबू, खेचरांवरची ओझी, तोफा ओढायचे दोरखंड, नदीवरचे पूल. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून बॉम्बे सॅपर्सचं ठाणं आहे. मुळेच्या काठी बोटी, तराफे आणि दोर यांचे पूल उभारायला शिकलेले हे लोक. त्यांच्या हातात टोच्या अगदी घरच्यासारखा वाटला असणार. तीच मुळा पुढं मुठेला मिळते आणि दौंड तालुक्याची शिवारं भिजवत भीमेकडे जाते.

चाकूच्या दोरीचीही एक वंशावळ आहे. कमरेची दोरी पुढं खांद्यावर चढली, तिच्या टोकाचा चाकू गळून पडला आणि दोरी शोभेची झाली. संचलनात जवानांच्या खांद्यावर दिसणारी गुंफलेली लॅनयार्ड ती हीच. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. तिथल्या जवानाच्या गणवेशावरची शिटीची दोरी पाहिली, की मला तिच्या टोकाला पूर्वी काय लटकायचं ते आठवतं.

कुतमधलं जेवण

एका फौजेसाठी केलेला चाकू दुसऱ्याच माणसाच्या हातात पडला की काय होतं, ते समजायला पुण्याचंच नाव लावलेल्या एका डिव्हिजनची कहाणी पाहावी.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सहावी (पुणे) डिव्हिजन मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला पाठवली गेली. तिच्या पहिल्या तुकड्या ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओला उतरल्या. १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा या तिन्ही पलटणी या डिव्हिजनमध्ये होत्या. बसरा घेऊन फौज टायग्रिसच्या काठानं वर सरकत गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडली आणि मागं हटून कुत गावात येऊन बसली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. तो उठलाच नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली आणि सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. त्यांतली हजारो परत आली नाहीत.

या वेढ्यातलं जेवण एकाच फौजेचं असूनही दोन तऱ्हांचं होतं. १८५७ च्या काडतुसांनंतर हिंदी शिपायाच्या तोंडाजवळ काय न्यायचं याबाबत ब्रिटिश सरकार फार सावध झालं होतं. त्यामुळे गोऱ्या शिपायाला पाव, डब्यातलं गोमांस, डब्यातला रस्सा, डब्यातला जाम. हिंदी शिपायाला आटा, डाळ, तूप, गूळ, आणि मांस द्यायचंच तर जिवंत बकरी. फ्रान्समध्ये हिंदी पलटणी लढत होत्या तेव्हा तिथंही बकऱ्यांची वेगळी सोय होती, झटक्याची निराळी आणि हलालची निराळी.

कुतमध्ये रसद आटली तशी ही दोन ताटं दोन रोगांच्या रूपानं दिसू लागली. पांढऱ्या पावावर आणि डब्यांवर जगणाऱ्या गोऱ्या पलटणींत बेरीबेरी पसरला. आट्यावर जगणाऱ्या हिंदी शिपायांना तो शिवला नाही. पण भाजीपाला संपला, घोड्याचं मांस त्यांच्यातल्या बहुतेकांनी नाकारलं, आणि त्यांना स्कर्व्हीनं गाठलं. धर्मगुरूंची परवानगी मागवून आणली तरी फार काळ कोणी हात लावला नाही. पुढं पांढरं पीठ संपून गोऱ्या शिपायांच्याही पावात कोंड्यासकट पीठ आलं, तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरला. गिरणीतला कोंडा औषध ठरला. एप्रिलमध्ये विमानांतून धान्याची पोती टाकून वेढ्यातल्या लोकांना जगवायचा प्रयत्न झाला. जगाच्या इतिहासातला तो अशा प्रकारचा पहिलाच. तो पुरला नाही.

ज्या डब्यासाठी चाकूत आकडी आली, तो डबा हिंदी शिपायाच्या जेवणात नव्हताच. त्याचं जेवण लंगरात, मोठ्या भांड्यात, सगळ्यांचं एकत्र शिजायचं. एकट्यानं डबा उघडून खंदकात बसून खायचं, ही कल्पनाच त्या चाकूबरोबर बाहेरून आलेली.

चार फौजा, चार चाकू

दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत प्रत्येक फौजेनं आपापला हिशेब नव्यानं मांडला होता.

जर्मनीला छत्रीधारी सैनिक उतरवायचे होते. झाडात, दोऱ्यांत अडकलेल्या माणसाचा एकच हात मोकळा असेल तर नखानं पातं उघडणार कसं? म्हणून १९३७ मध्ये आलेल्या त्यांच्या चाकूत पातं मुठीच्या आतच सरकतं ठेवलं. खटका दाबून चाकू उलटा धरला की पातं आपल्याच वजनानं बाहेर घसरतं आणि खटका सोडला की जागीच पक्कं होतं. त्यालाही टोच्या होता, तोही दोरांच्या गाठींसाठीच. हे दोर जहाजाच्या शिडाचे नव्हते, हवाई छत्रीचे होते.

अमेरिकेनं काम वाटून दिलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून सिग्नल खात्याच्या तारवाल्यांना टीएल-२९ नावाचा चाकू मिळायचा. त्यात दोनच वस्तू, एक पातं आणि एक पेचकस. पेचकसाला खटका, म्हणजे जोर लावताना तो बोटांवर मिटत नाही. कडेला तारेवरचं आवरण खरवडायची सोय. डब्याची आकडी त्यात नाही. ती त्यांनी चाकूतून काढून जेवणाबरोबर पाठवली. १९४२ मध्ये शिकागोच्या लष्करी अन्न-प्रयोगशाळेत पी-३८ नावाची दीड इंचाची घडीची किल्ली तयार झाली आणि रसदीच्या खोक्यांतून वाटली जाऊ लागली. ज्याच्याकडे डबा त्याच्याकडे किल्ली. युद्धाच्या अखेरीस मात्र अमेरिकेनंही पातं, आकडी, पेचकस आणि आरी असा पूर्ण पोलादी चाकू काढला. मुठीला लाकूड नाही, प्लास्टिक नाही. दमट बेटांवर सडण्यासारखं त्यात काही ठेवलंच नाही.

इंग्रजांचा चाकू यांच्यापुढं जुनाट दिसतो. पण तो हवा होता प्रचंड संख्येनं, आणि १९४० च्या १२ आणि १५ डिसेंबरच्या रात्री जर्मन विमानांनी शेफील्डवर बाँब टाकले. त्याआधीच, ऑक्टोबर १९४० मध्ये, दिल्लीत पूर्वेकडच्या वसाहतींची परिषद भरून हिंदुस्थानला सुएझच्या पूर्वेच्या फौजांचं पुरवठाकेंद्र करायचं ठरलं होतं. हिंदी लष्कर १९३९ मध्ये सुमारे दोन लाखांचं होतं, ते युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांवर गेलं. एवढ्या माणसांना बूट, पट्टे, तंबू, पाण्याच्या बाटल्या आणि चाकू इथंच करून देणं भाग पडलं. शेफील्डचा नमुना समोर ठेवून बनवलेल्या या चाकूंवर बाणाशेजारी 'आय' उमटू लागला. नमुना जसाच्या तसा उतरवल्यामुळे आकडीही आपोआप उतरली.

बाहेर मराठी शिपाई कुठं कुठं गेला याची यादी लांब आहे: इरिट्रियातलं केरेन, इटलीतली टायबर आणि सेनिओ. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांना सेनिओच्या काठी ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण चाकूच्या गोष्टीत मला आठवतं ते मणिपूरमधलं संगशाक. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज इंफाळकडे आणि कोहिमाकडे निघाली, तेव्हा तिच्या वाटेवरच्या या नागा गावात पन्नासावी छत्रीधारी ब्रिगेड आणि तिच्याबरोबर पाचव्या मराठ्यांची चौथी पलटण २२ ते २६ मार्च अशी अडून बसली. टेकडीवर पाणी नव्हतं. विमानं छत्र्यांना बांधून पाणी, दारूगोळा आणि अन्न टाकत होती. जागा एवढीशी, की बरंचसं सामान बाहेर जपान्यांच्या हाती पडत होतं. जे आत पडलं, त्याच्याभोवती छत्रीच्या दोऱ्यांचे गुंते. अशा ठिकाणी शिपायाला आधी कापायला पातं लागतं आणि सोडवायला टोच्या. २६ च्या रात्री उरलेले लोक जंगलातून बाहेर पडले. त्यांनी विकत घेतलेले दिवस इंफाळच्या आणि कोहिमाच्या बचावाला उपयोगी पडले.

दोन हात, एक हात

"पातं बोटावर मिटतं," असं काका म्हणाले होते. त्यातही इतिहास आहे. बहुतेक जुन्या लष्करी चाकूंत पात्याला खटका नसतो. पाठीची स्प्रिंग त्याला फक्त दाबून धरते. उघडायला पात्यावर नखाची खाच, म्हणजे दोन्ही हात लागतात. दोन्ही हात मोकळे असलेला, बसून काम करणारा शिपाई त्यात गृहीत धरलेला आहे. तो भाकरी कापतो, चामड्याला भोक पाडतो, दोर सांधतो.

पुढच्या शिपायाचा एक हात नेहमी कशाततरी गुंतलेला असतो. जर्मन फौजेनं २००३ च्या सुमारास एका हातानं उघडणारा, खटक्याचा चाकू घेतला. स्विस फौजेनं २००८ मध्ये तोच मार्ग धरला आणि पात्याला करवतीसारखे दाते दिले. १८९० च्या नमुन्यातली ओकची मूठ मध्येच कधी फायबरची झाली, १९६१ मध्ये ॲल्युमिनियमची झाली, आता ती हिरव्या-काळ्या प्लास्टिकची आहे. डब्याची आकडी आणि पेचकस मात्र अजून टिकून आहेत. स्विस शिपाई अजून डबा उघडतो.

परत खुटबावात

लढाई संपली. पंचवीस लाखांची फौज घरी परतू लागली आणि तिचं सामान बाजारात आलं. त्या काळात मराठीत एक शब्द शिरला, 'डिस्पोजल'. डिस्पोजलचे ओव्हरकोट, डिस्पोजलचे तंबू, डिस्पोजलचे जेरीकॅन. पुण्याच्या जुन्या बाजारात तो माल पुढं कित्येक वर्षं येत राहिला. चाकू बहुतेक सामानापेक्षा लहान. तो शिपायाच्या खिशातून थेट घरी आला.

आल्यावर तो कुठं लागला असेल? त्या वेळी विजेचे पंप गावात पोचायचे होते. विहिरीवर मोट होती. मोटेचा सगळा जीव दोरांत: वरचा जाड नाडा, सोंडेला बांधलेली सौंदर, बैलांचे कासरे, वेसणी, शिवळांच्या जोत्या. नाडा पाण्यानं फुगतो, उन्हानं आक्रसतो, चाकावर घासून झिजतो आणि ऐन पाळीच्या वेळी तुटतो. मग त्याचे पेड उकलायचे, दोन टोकं एकमेकांत गुंफायची, सांधा आवळायचा. जहाजावरचा खलाशी शिडाच्या दोराशी हेच करत होता. समुद्र न पाहिलेल्या शेतकऱ्याच्या विहिरीवर आरमाराचा टोच्या आला आणि त्याला ओळखीचंच काम मिळालं.

पातं झिजलं ते ऊस सोलून, वैरणीचे बंध कापून, पोरांच्या पाटीवरच्या पेन्सिलींना टोक काढून. आकडीला मात्र गिऱ्हाईक नव्हतं. घरात जे काही यायचं ते पोत्यातून, मडक्यातून, फडक्यातून. डबा आलाच तर रॉकेलचा, त्याला खिळा पुरायचा.

पुढच्या गळिताला मी पुन्हा खुटबावला गेलो. काका त्याच जागी होते. मी त्यांना सांगितलं, "काका, तो टोच्या घोड्यासाठी नव्हता. जहाजावर दोर सोडवायला केलेला. तुमच्याकडे तर घोडाही नव्हता ना?"

"घोडा कुठला? बैलं होती."

"मग खडा कोणाच्या खुरातला काढायचा?"

काका हसले. चाकू काढून टोच्या उघडला, त्याच्या चकचकीत अंगावरून अंगठा फिरवला आणि पुढ्यातल्या गोणपाटाची गाठ ओढून घेतली.

"जहाजावर दोर सोडवायचा म्हणता," ते म्हणाले, "मग आमच्या घरानं जन्मभर दुसरं काय केलं?"